साठीनंतरची नगररचना

आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीनंतर कोरा कागद देऊ नये. तो त्यावर गाव वसवतो.

मी सरकारी बांधकाम खात्यात आरेखक होतो. आरेखक म्हणजे साहेबांच्या डोक्यात जे आहे ते, आणि जे नाही तेही, ट्रेसिंग पेपरवर उतरवून देणारा प्राणी. शाळाखोल्या, आरोग्य केंद्रं, गुरांचे दवाखाने, विश्रामगृहं, सगळं काढून झालं. त्यातलं मनासारखं काहीच नव्हतं, कारण नकाशात आरेखकाच्या मनाला रकाना नसतो. उजव्या कोपऱ्यात सही असते, तीही साहेबांची. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन औरंगपुऱ्यातल्या घरी परतलो, तेव्हा माझा जुना टी-स्क्वेअर सोबत आणला. घड्याळ लवकरच बंद पडलं. टी-स्क्वेअरमध्ये बंद पडण्यासारखं काही नसतं.

माझ्या उद्योगाला इतिहासाचा आधार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मलिक अंबरनं 1610 साली खडकी वसवली, तिचंच पुढे औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर झालं. इतिहासकार त्याचा जन्म 1548 च्या सुमाराचा धरतात. म्हणजे शहर आखायला बसला तेव्हा गडी साठीच्या पुढे होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना झुंजवत राहिला आणि ज्या वयात लोक गुडघ्याला तेल चोळत बसतात त्या वयात त्यानं जमिनीखालून नहर खेळवून शहराला पाणी आणलं. साठीनंतर नगररचनेत पडणारा या गावातला मी काही पहिला नव्हे. फरक एवढाच की त्याच्याकडे घोडदळ होतं आणि माझ्याकडे समिती.

समिती जमली बळवंत वाचनालयात. सकाळचे पेपर वाचून झाले, त्यांतले निधनाचे चौकोन दोनदा वाचून झाले, की आम्ही चौघं बाहेर येऊन उभे राहायचो. एक निवृत्त बँक मॅनेजर, ज्यांना आम्ही अजून ‘साहेब’ म्हणतो, कारण म्हटलं नाही तर ते ऐकू आलं नसल्यासारखं करतात. एक इतिहासाचे प्राध्यापक. एक गुलमंडीवरचे कापडवाले शेठ, पंचाहत्तरी ओलांडलेले, निवृत्तीशी काही संबंध नसलेले. दुकान मुलाच्या नावावर, गल्ला यांच्या मांडीखाली. त्यांना समितीत घेतलं, कारण बसायला खुर्च्या आणि पाजायला चहा त्यांच्याकडेच होता. चौथा मी.

विषय निघाला तो असा, की सगळ्यांची मुलं पुण्याला, बेंगळुरूला किंवा त्याच्याही पलीकडे. जिने चढवत नाहीत. गल्लीत दुचाक्या अशा लावलेल्या असतात की वाघ मागे लागला तरी तिरकं होऊनच पळावं लागेल. तेव्हा शहराबाहेर जागा घ्यावी, समविचारी ज्येष्ठांनी मिळून आदर्श वसाहत उभी करावी. प्राध्यापकांनी लगेच आकडे काढले. 2011 च्या जनगणनेतच देशात साठीपुढचे दहा कोटींहून जास्त आणि महाराष्ट्राचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा वरचं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात डेल वेब नावाच्या बिल्डरनं 1 जानेवारी 1960 ला ‘सन सिटी’ नावाचं म्हाताऱ्यांचं गावच उघडलं आणि बघायला मोटारींची रांग लागली. पुण्यात अथश्रीसारख्या वसाहती आहेतच. मग मराठवाड्यानंच काय घोडं मारलंय? अनुशेषाचा मुद्दा निघाला की आमच्याकडे कुणीही कुठल्याही गोष्टीला तयार होतं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

मी सगळ्यांच्या अपेक्षा लिहून घेतल्या. शांतता हवी, पण भाजी दारात हवी. देऊळ हवं, भोंगा नको. लहान मुलं खेळताना दिसली पाहिजेत, चेंडू दिसता कामा नये. दवाखाना शेजारी हवा, पण ॲम्ब्युलन्सचा आवाज झोपेत यायला नको. साहेबांना बँकेची शाखा हवी होती आणि त्या शाखेत त्यांना ओळखणारा कर्मचारी हवा होता. शेठना हवं होतं एकच: तिथून गुलमंडीचं दुकान दिसावं.

मी मोठा कागद पसरला. मधोमध चौक, चौकात पार, पारावर वड. प्राध्यापकांनी विचारलं, “वडाची सावली पडायला किती वर्षं लागतील?” कुणी उत्तर दिलं नाही. मी वड खोडून कडुनिंब काढला. मग वसाहतीच्या नावावरून वाद झाला. साहेब म्हणाले, ‘संध्याछाया’ ठेवू, कानाला गोड आहे. प्राध्यापक म्हणाले, “साहेब, दळवींचं ते नाटक तुम्ही पाहिलंय ना? शेवटच्या अंकापर्यंत बसला होतात का?” साहेब मध्यंतरात निघाले होते, असं पुढे चौकशीत कळलं. नावाची जागा रिकामी सोडली.

आता मी शास्त्रीय माणूस. महारेरानं 2024 साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती मी मिळवली आणि लाल पेन्सिल घेऊन वाचली. दार किमान 900 मिलिमीटर रुंद, शक्यतो सरकतं. जिना 1500 मिलिमीटर, दोन्ही बाजूंना कठडा, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. फरशी न घसरणारी. न्हाणीघरात धरायला दांड्या. नियम उत्तम आहेत, ज्यानं केले त्याच्या घरी म्हातारी माणसं असणार. गंमत झाली ती मी मोजपट्टी घेऊन स्वतःच्या घरात फिरलो तेव्हा.

आमचं घर म्हणजे जुन्या वाड्याचा उरलेला तुकडा. माजघराचं दार भरलं 680 मिलिमीटर आणि उंचीला इतकं कमी की घरात येणारा प्रत्येक जण आपोआप नमस्कार करतो. जिन्याला एका दमात अठरा पायऱ्या, प्रत्येक वेगळ्या उंचीची, आणि कठड्याऐवजी वरून सोडलेला सुती दोर. माझे आजोबा त्याच दोराला धरून नव्वदीपर्यंत चढले-उतरले. महारेराच्या हिशेबानं ते पन्नाशीतच जायला हवे होते.

मी ठरवलं, वसाहत होईल तेव्हा होईल, निदान दांडी बसवून पाहू. स्टीलची, नियमात बसणारी, दोन्ही टोकांना चार-चार स्क्रूची दांडी आणली. मोरीची भिंत दीड हात जाडीची. तिच्या पोटात काय भरलंय ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. मिस्त्री म्हणाला, “काका, ही भिंत ड्रिल मागत नाही, हिला हात लावू नका.” मिस्त्रीचं न ऐकण्याची सवय खात्यातली. दांडी बसली, छान चकाकली. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी मी तिची चाचणी म्हणून पूर्ण भार टाकला. स्क्रू जागचे हलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. स्क्रू धरून बसलेली भिंतच बाहेर आली. मी फरशीवर, मांडीवर शेरभर चुना, आणि हातात ती दांडी राजदंडासारखी सरळ धरलेली. आमची ही धावत आली. लागलंय का ते पाहिलं, लागलेलं नाही अशी खात्री केली आणि मग म्हणाली, “अहो, ती धरायला आणली होती की उपटायला?”

पण खरा धुमाकूळ घातला बातमीनं. औरंगपुऱ्यात बातमीला पेपरची गरज लागत नाही, मंडई आहे. मी झेरॉक्सच्या दुकानात नकाशाच्या प्रती काढत होतो. मथळा मोठ्या अक्षरात: ‘ज्येष्ठांसाठी निवास, कच्चा आराखडा’. मागे उभ्या असलेल्या कुणीतरी तेवढंच वाचलं. फुल्यांच्या पुतळ्याला वळसा घालून मी मंडईत पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे पोचलेली. आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींनी मेथी तोलली, पैसे घेतले, आणि वर कोथिंबिरीची अख्खी जुडी पिशवीत टाकली. या मावशी कढीपत्त्याच्या चार पानांचा हिशेब ठेवणाऱ्या. मी पाहत राहिलो. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “राहू द्या बाबा. लेकरं असेच निघतेत. आमचा बी तसाच निघाला. तब्येतीला जपा.”

मला काही समजलं नाही, पण कोथिंबीर घेतली. पुढच्या गाड्यावर लिंबं फुकट मिळाली. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, “चचा, सुना के औलाद ने बाहर निकाल दिया? कलयुग है, कलयुग.” घरी आलो तर शेजारच्या काकू हिच्याजवळ बसून डोळे पुसत होत्या. बातमीची तोवर वाढ होऊन आमचं नाव पैठण रोडवरच्या मातोश्री वृद्धाश्रमात घालूनही झालं होतं. तो आश्रम काय आहे, 1995 साली सरकारनं मातोश्री योजना का काढली, हे मी काकूंना समजावायला गेलो. त्या म्हणाल्या, “बघा, सगळी माहिती काढून ठेवलीय बिचाऱ्यांनी.”

संध्याकाळी गल्लीतले वकील फाइल घेऊन हजर. मोफत काम करणारा वकील पाहिला की माणसानं घाबरावं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, “काका, 2007 चा कायदा तुमच्यासारख्यांसाठीच आहे. प्रांताकडे अर्ज टाकू. दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह मागता येतो. घर तुमच्याच नावावर आहे ना? मुलाला लिहून दिलं असेल तर तेही परत घेता येतं.” मी म्हटलं, मुलगा काही मागत नाही, देतोच, मागच्या दिवाळीला त्यानं वॉशिंग मशीन आणलं. वकिलांनी ‘वॉशिंग मशीन’ असं टिपून घेतलं. पुढे कंसात काय लिहिलं ते दाखवलं नाही.

रात्री मुलाचा पुण्याहून फोन. “बाबा, तुम्ही माझ्यावर केस करताय?” मागून सूनबाईंचा रडवेला आवाज, “मी काय केलं ते तरी विचार.” मी नकाशा व्हिडिओ कॉलवर धरला. मुलगा कॉम्प्युटरवाला, त्याला चौक, पार, कडुनिंब काही दिसलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की आईवडील घर सोडून चाललेत आणि हे आत्याला आधी माहीत होतं. आत्याला कसं कळलं? नागपूरच्या आत्याला जालन्याच्या मामींनी सांगितलं होतं, मामींना औरंगपुऱ्यातून. इथं गल्लीत पाणी यायला आठवडा लागतो, बातमी मात्र चोवीस तास दाबानं येते.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, कारण आमच्या योजनेचं वेळापत्रक त्यानंच ठरवलं. जायकवाडीचं धरण पैठणला, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरण भरलं की आम्ही जाऊन फोटो काढतो, मग घरी येऊन नळाची वाट पाहतो. प्रत्येक गल्लीचा पाण्याचा वार वेगळा. त्या दिवशी घरातला कर्ता पुरुष तीर्थयात्रेलासुद्धा निघत नाही. जागा बघायला जायचं तर साहेबांचा वार गुरुवार, प्राध्यापकांचा आदल्या रात्री केव्हाही, शेठकडे दोन नळ म्हणून दोन वार आणि माझा वार दर खेपेला एक-एक दिवस पुढे सरकणारा. पंचांग काढून ग्रहांची युती जुळवणं सोपं गेलं असतं. एका पहाटे चौघेही कोरडे सापडले आणि आम्ही मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबादची एस.टी. पकडली.

तिकिटाच्या वेळी आमच्यातली उतरंड उघडी पडली. शेठ पंचाहत्तरीपुढचे, 2022 पासून त्यांना एस.टी. फुकट. साहेब आणि प्राध्यापक पासष्टीपुढचे, त्यांना अर्धं. मी बासष्टचा, मला पूर्ण. ज्येष्ठांच्या वसाहतीचा आराखडाकार एस.टी.च्या लेखी अजून तरुण होता आणि त्याची किंमत मोजत होता. कंडक्टरनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून आधार कार्ड मागितलं, ते वाचलं आणि म्हणाला, “दिसत नाही हो तुमचं वय.” कुठल्या दिशेनं दिसत नाही, ते मी विचारलं नाही.

दौलताबादजवळ किल्ला दिसायला लागला तसे प्राध्यापक फुलले. “तुम्ही मलिक अंबरचा दाखला देता ना? याच रस्त्यावर दुसराही दाखला आहे. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली. माणसांसकट. योजना कागदावर चांगली होती. काही वर्षांनी परत दिल्ली.” सगळ्यांनी माझ्या मांडीवरच्या नकाशाच्या गुंडाळीकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. घाट लागला.

जागा घाटाच्या वर होती. एजंट पांढऱ्या गाडीत आमची वाट पाहत होता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात सातबारा. त्यानं समोर माळाकडे हात केला. “काका, इथं तुमचं क्लब हाउस.” एक शेळी होती. “इथं नाना-नानी पार्क.” दुसरी शेळी. “समृद्धी महामार्ग इथून जवळ. नागपूर-मुंबई आठ तास.” साहेब म्हणाले, आम्हाला ना नागपूरला जायचंय ना मुंबईला, रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर घाटी दवाखान्यात किती वेळात पोचतो ते सांग. एजंट गडबडला नाही. “काका, इथली हवाच अशी आहे की दुखणार नाही.”

शेठनी पाण्याचं विचारलं. बोअर होतं, मोटर होती. बटण दाबल्यावर पाइपातून बराच वेळ हवा आली, मग थोडा चिखल, मग पुन्हा हवा. एजंट म्हणाला, “टँकर दारात येतो.” शेठ माझ्या कानात म्हणाले, “सोय घरच्यासारखीच आहे.”

प्राध्यापकांना एक शंका राहिली होती, ती त्यांनी परतीच्या वाटेवर चहा पिताना मांडली. “खुलताबादला याआधी कोण कोण मुक्कामाला आलं ते पाहा. मलिक अंबर, औरंगजेब, पहिला निजाम आसफजाह. सगळे कायमचेच राहिलेत. मोठमोठ्या माणसांची शांत वसाहत आहे ही, भद्रा मारुतीला आलेली माणसं तेवढी संध्याकाळी परत जातात.” त्यावर साहेबांनी चहाचे पैसे दिले. साहेबांनी स्वतःहून पैसे दिल्याचा समितीच्या इतिहासातला हा एकमेव प्रसंग, त्यावरून त्यांच्या मनाची अवस्था ओळखावी.

तरीही मी हटलो नाही. जागा बदलता येते, नकाशा उभा असला पाहिजे. आता उरली होती ती एक औपचारिकता: घरच्यांची संमती. ठराव आमचा, पण सह्या बायकांच्याही लागणार, कारण निम्म्या ठेवी त्यांच्या नावावर. चौघींना आमच्याकडे बोलावलं. मी नकाशा जमिनीवर पसरला आणि पट्टीनं दाखवायला लागलो. चौक, पार, वाचनालय, पत्त्यांची खोली, व्याख्यानाचा हॉल, फिरायची पायवाट, आणि प्रत्येक जोडप्याला दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओट्याची उंची शास्त्रशुद्ध.

बायका गप्प बसून ऐकत होत्या. मला वाटलं, भारावल्या. हिनं चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि स्वयंपाकघरावर बोट ठेवलं.

“हे कुणासाठी?”

“तुमच्यासाठीच. इथं खिडकीतून कडुनिंब दिसेल.”

“म्हणजे पोळ्या करताना.”

“हो. उजेड डावीकडून येतो.”

“मग निवृत्त कोण होतंय?”

मी पट्टी खाली ठेवली. ही पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. तिच्या निरोपसमारंभाची संध्याकाळ मला आठवते. घरी आलेल्या पंधरा-वीस माणसांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं, आणि त्या सगळ्यांचा चहा तिनंच टाकला. मीही एक कप घेतला होता, साखर कमी आहे असंही बहुधा म्हणालो होतो. साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, की साहेब निवृत्त झाल्यापासून त्यांना दिवसातून दोनदा जास्तीचा चहा, एकदा जास्तीचं खाणं आणि फ्रिज कसा लावावा यावर सूचना, एवढं काम वाढलंय. बँकेत हाताखाली माणसं होती, आता एकच उरलीय. प्राध्यापकांच्या घरून तक्रार आली, की ते भाजी निवडताना मेथीचा इतिहास सांगतात पण निवडत नाहीत. शेठाणी म्हणाल्या, “आमचे दुकानात जातात तेच बरं आहे. त्यांना निवृत्त करू नका, मी हात जोडते.”

मग त्यांनी स्वतःची यादी दिली. मी आरेखक, लिहून घेणं हा धर्म. घरोघरी स्वयंपाकघर नको. सगळ्यांचं मिळून एक, आणि त्यात पगारी बायका. जेवणाची वेळ ठरलेली, उशिरा येणाऱ्यानं आपलं ताट आपण वाढून घ्यायचं आणि घासायचं. दुपारी दोन ते पाच हॉल बायकांचा. नवरा-बायकोला शेजारी शेजारी दोन खोल्या, मध्ये दार.

मी व्यवसायानं विचारलं, “दाराची कडी कुठल्या बाजूला?”

चौघी एकदम म्हणाल्या, “आमच्या.”

मी नकाशावर कडी दाखवली. 900 मिलिमीटरचं दार, शक्यतो सरकतं, कडी एका बाजूनं. महारेराच्या नियमांत याला कुठे हरकत नाही, मी तपासून पाहिलं.

ठराव मंजूर झाला नाही, फेटाळलाही गेला नाही. चौघी उठून गेल्या आणि पंधरवड्यात त्यांनी काम सुरू केलं. माळ नाही, सातबारा नाही, एजंट नाही. शेठांच्या जुन्या वाड्यात तळमजल्याला कापडाचे गठ्ठे ठेवायची मोठी खोली होती, ती शेठाणींनी एका सकाळी रिकामी करून घेतली. शेठना कळलं ते दुकानात गठ्ठे आल्यावर. स्वयंपाकाला दोन बायका ठेवल्या, रीतसर पगार आणि रविवारची सुट्टी ठरवून. खर्च चार घरांत वाटला, पेन्शन ज्याची त्याच्याकडून वळती केली. मंडई दोन मिनिटांवर, डॉक्टर कोपऱ्यावर, खोलीला उंबरा नाही. गठ्ठ्यांच्या हातगाडीसाठी तो पूर्वीच काढून टाकलेला. दार मी मोजलं, चौदाशे मिलिमीटर भरलं. सन सिटीलाही इतकी सोय नसेल.

माझ्याकडून त्यांनी एकच काम करून घेतलं: पाण्याची टाकी कुठे बसवायची आणि तिचा भार जुनी गच्ची सोसेल का, एवढं सांगा. मी पाहिलं आणि गच्चीवर नको, अंगणात चौथरा बांधून ठेवा म्हटलं. चौथऱ्याचा नकाशा काढला, छोटासाच. मिस्त्री तोच मोरीतला. या खेपेला तो म्हणाला तिथं म्हणाला तसं बांधलं. उजव्या कोपऱ्यात सही मी केली. नोकरीत असताना असं कधी घडलं नव्हतं.

सध्या त्या खोलीत दोन पंगती बसतात. पहिली बायकांची, साडेबाराला. दुसरी आमची. आमटी दोन्ही पंगतींना तीच असते, पण पहिलीत गरम असते. गल्लीतल्या आणखी काही घरांनी नावं नोंदवलीत. त्यांत एकट्या राहणाऱ्या दोन आज्या आहेत, त्यांना आधी घेतलं. पुरुषांची प्रतीक्षा यादी आहे आणि ती हलत नाही. मंडईतल्या मावशी आता कोथिंबिरीचे पैसे घेतात, घाऊक भावानं. मुलगा येऊन जेवून गेला, वकिलांनी फाइल बंद केली की नाही ते ठाऊक नाही. साहेब मात्र खूश आहेत: हिशेबाची वही त्यांच्याकडे दिलीय आणि स्वयंपाकाच्या बायका त्यांना साहेब म्हणतात.

खुलताबाद रोडच्या आदर्श वसाहतीचा मूळ आराखडा माझ्याकडे तीन प्रतींत तयार आहे. चौक, पार आणि कडुनिंबासह, नाव भरायची जागा कोरी. कुणा ज्येष्ठ मंडळाला हवा असेल तर विनामूल्य देईन, समजावूनही सांगेन. पत्ता विचारत मंडईत आलात की कुणीही घर दाखवेल. फक्त येताना पत्नीला सोबत आणा, आणि आमचा पाण्याचा वार टाळून या.